शून्य रुंदीचं अक्षर

वसमतला तहसीलसमोर, झेरॉक्सच्या शेजारी माझं टेबल.
हळद शिजवायच्या दिवसांत गावभर तो मातकट वास,
आणि स्क्रीनवर पिवळी बोटं उमटलेली,
कारण प्रत्येकाला टेकवूनच दाखवायचं असतं :
बाई, हितं, हे अक्षर.

केवळाबाई बिऱ्हाडे यांचं शपथपत्र.
जुनी फाईल उघडली
भाच्यानं पुण्याहून येऊन बसवलेल्या नव्या एडिटरात
आणि बिऱ्हाड मोडलं.
आधी बि.
मग पाय मोडलेला र.
मग एक रिकामी चौकट, दार नाही, खिडकी नाही.
मग नुसती हाडे.

"मपलं नाव आसं कामून दिसायलं?"
वाचता येत नाही त्यांना.
पण नावात एक विळा आहे, आडवा, बारीक,
तो त्या ओळखतात.
बँकेनं विळा काढून ह-च्या डोक्यावर तुरा खोवला,
म्हणून तर हे शपथपत्र.
"विळा कुठंय मपला?"

थांबा मावशी, म्हटलं, सेटिंगचं आहे.

आकार बाराचा चौदा केला. चौकट मोठी झाली.
कडा गुळगुळीत केल्या. चौकट सुबक झाली.
भाच्याला फोन लावला. तो म्हणाला,
अगं मावशी, त्यात सगळ्या अक्षरांना सारखी जागा असते,
कोडला बरं पडतं.
सारखी जागा!
आमच्यात मात्रा माळ्यावर झोपते,
उकार खाली पथारी टाकतो,
वेलांटी मागून येते आणि पुढं जाऊन बसते.
ह्या घराला त्यानं लॉजच्या खोल्या पाडल्या.

पर्यायी फॉन्टची यादी रिकामी होती. त्यात एक घातला.
तहसीलदारातला ल एकदम बदलला,
रेल्वे स्टेशनच्या पाटीवरचा ल झाला, परका.
मग भाषा हिंदी होती ती मराठी केली.
ल घरी आला.
चौकट तिथंच.

एवढ्यात हमीदोद्दीन चाचा, चहाला.
ट्रेडल मशीनच्या काळातले जुळारी,
परभणीत तीस वर्षं खिळे वेचलेले,
अजून बोलताना चिमटीत काहीतरी धरल्यासारखी बोटं.
चष्मा कपाळावर सारून वाकले.
"डब्बा नक्को बोलो उसकू. अंदर कोई है."
मग मराठीत, माझ्यासाठी, सावकाश :
ओळ घट्ट बसावी म्हणून आम्ही कोरे तुकडे घालायचो.
उंचीला कमी. शाई लागायची नाही त्यांना.
पण एखादा वर उठला
की छापून यायचा, काळा चौकोन.
मालक आमच्या नावानं ओरडायचा,
तुकड्याच्या नाही.

मेनूत शोधलं : अदृश्य चिन्हे दाखवा.
दाखवली.
स्पेसच्या जागी ठिपके उगवले, पान उंदरानं लेंड्या टाकल्यासारखं,
आणि र आणि ह यांच्या मधोमध
खरंच कोणीतरी होतं.
शून्य रुंदीचं.
काम एवढंच, दोघांना धरून ठेवणं.
ह्या फॉन्टला ते ओळखता येईना
म्हणून त्यानं त्याला कोंडून बाहेर कडी लावलेली.

मी ते पुसून पाहिलं.
र टुणकन ह-च्या डोक्यावर चढला.
"हाव, हेच! हेच लिव्हलंय त्या बँकीनं!"
घाईघाईनं परत आणलं.
सारख्या जागेचा फॉन्ट सोडला, दुसरा निवडला
आणि विळा
हळूच, काही झालंच नसल्यासारखा,
ह-ला टेकला.

केवळाबाईंनी बोट टेकवलं.
काचेवर एक डाग जास्त झाला.

प्रिंट काढली. कागदावर ते नाव कोणी मोडू शकत नाही.
बँकेतल्या पडद्यावर उद्या काय दिसेल
ते माझ्या सेटिंगात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.
चाचा बशीतला चहा फुंकत बसले होते.

पानाचे तीस, म्हटलं.
कनवटीची गाठ सोडता सोडता त्या थांबल्या.
"त्या न दिसणाऱ्याचे बी धरले का गं त्यात?"