डाव्या टाचेशी

पावणेदहाला माझी टपालगाडी वळणावर येते
तेव्हा इदवल वाटेच्या मधोमध उभा असतो.
खिशात चीजच्या साली, हातात हेझलची काठी,
आणि आठ महिन्यांची नेल,
चार पाय चार गावांना निघालेले.

दगडी पाट्यांच्या जुन्या खाणीची ही वाट.
बुटाखाली कपचे खणखणतात
आणि प्रत्येक खणखणाटात नेलला उंदीर ऐकू येतो.
ती सुटली की तो थांबतो.
ओरडत नाही, दोरी ओढत नाही.
बंद फाटकासारखा उभा.
ती वळून बघते: संपला की काय हा माणूस?
परत येते.
डाव्या मांडीशी साल मिळते.

मी हॉर्न देत नाही. बिलंच तर असतात गाडीत.

भिंतीपलीकडून मेनना म्हणते,
"एवढ्यात माझ्या आईनं पाच पोरं वळणाला लावली."
"पोरांना शेपूट नसतं," इदवल म्हणतो,
"शिकली की नुसती मान डोलावली, कळत नाही."

फेब्रुवारीभर एकच शब्द: "सौद्ल."
आमच्या भाषेत टाच.
दरीतले बाकी सगळे मेंढपाळ कुत्र्यांशी इंग्रजी बोलतात,
हा म्हणतो, रागवायचं तरी घरच्या भाषेत रागवावं.
आणि रागवत तर नाहीच.

मार्चमध्ये त्याचा गुडघा बदलायला बँगरला नेला.
खाणीतला तो गुडघा, तीस वर्षं कुरकुरणारा.
मेननाला मांजरं, म्हणून नेल माझ्याकडे.

काय चालली सांगू!
नाक माझ्या गुडघ्याच्या रेषेत, दोरी सैल,
ओढ्यावरून मेंढ्या गेल्या तरी फक्त कान हलले.
पण तीन पावलं झाली की चौथ्याला
ती जराशी अडखळे, वर बघे,
आणि मी पुढे गेलेली असे.

मला वाटलं काटा रुतलाय.
पंजे उलटे करून पाहिले, बोटांमधला चिखल काढला.
काही नव्हतं.
तिसऱ्या दिवशी, पत्रं वाटताना, एकदम उमगलं:
ती इदवलचा लंगडेपणा शिकली होती.
त्यानं न शिकवलेलं, सगळ्यात पक्कं.

एप्रिलात तो आला. नवा गुडघा, सरळ चाल,
स्वतःच्याच पायांवर थोडा रुसलेला.
एक, दोन, तीन,
नेल थांबली.
तो दोन पावलं पुढे जाऊन वळला.
"आता कुणासाठी लंगडतेस गं?"

मी गाडी बंद केली.
त्यानं खिसा चाचपला. नवी पँट, खिसा रिकामा.
मग तो मागे आला, तिच्या उजव्या बाजूला,
काठी काखेत मारली,
आणि दोघंही पहिल्यापासून शिकायला लागले.

त्या दिवशी टपाल वीस मिनिटं उशिरा पोचलं.