चेंडू लागू नये म्हणून

रात्रपाळी. मेडिकलचा अस्थिरोग वॉर्ड.
सलाइनच्या खोक्याला टेकवून ठेवलाय मोबाइल.
ताश्कंदमध्ये सामना सुरू झालाय
आणि समालोचक तुझं नाव एकदाच घेतो,
तेही अर्धवट : "ताक्शा... गाजबी."
तक्षशीला गजभिये, बेझनबाग.
मी आवाज बंद करते.

कॅमेरा चेंडूमागे धावतो.
मी चेंडू सोडून
कडेकडेनं सरकणारा पिवळा ठिपका शोधते.
दहा वर्षं गोलात उभी राहिलेली बाई मी,
चेंडूवरून नजर काढायला
या वयात शिकतेय.

तुझ्या पायाला कसा चिकटायचा तो, तक्षू!
कामठीच्या पोट्ट्यांनी पैज लावली होती,
ते तिघं, तू एकटी,
पायात भावाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
आता त्याच चेंडूला
तू अंग चोरून वाट देतेस.
तो तुला लागला अन् डाव फिरला
तर खेळ थांबवावा लागतो.
नव्वद मिनिटं इतकं जवळ राहायचं
आणि शिवायचं नाही.
कोणी शिकवलं हे, विचारलं होतं मी.
"गुडघ्यानं," म्हणालीस.

तो गुडघा इथेच उघडला होता,
याच मजल्यावर, खिडकीजवळची खाट.
मी तेव्हा शिकाऊ.
डॉक्टर म्हणाले, खेळणं विसरा.
तू म्हणालीस, धावता येईल का, तेवढं सांगा.

मग रेशीमबागेचं मैदान, मे महिना, पहाटे साडेचार,
कालचं ऊन अजून जमिनीतून निघालेलं नाही.
चुन्याच्या खुणा मी करायची.
पंच्याहत्तर मीटर धाव, पंचवीस मीटर चाल,
मोबाइलची बीप वाजायच्या आत,
असं चाळीस वेळा.
सदतिसाव्याला तू ओकलीस.
बस कर, म्हटलं मी.
तू तोंड पुसून विचारलंस,
"बीप झाली का?"

पहिला सामना दीडशे रुपयांचा, इंदोऱ्यात.
पानठेल्यावरून शिट्ट्या येत होत्या
त्यात तुझी कोणती, खेळाडूंनाच कळेना.
एक म्हातारा ओरडला,
"काहून वं, पोरीच्या जातीनं शिट्टी वाजवाची असते काय?"
तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस.
फाऊल जिथे झाला होता
तिथे बोट दाखवून उभी राहिलीस.

बिल्ला आला तेव्हा
तुझ्या आईनं सुईत दोरा ओवून ठेवला होता.
"हा शिवाचा नसते, आई. एका सालाचाच आहे."
"अन् पुढच्या साली?"
"पुढच्या साली पुन्हा धावाचं."
मावशीनं दोरा परत रिळावर गुंडाळला,
सुई पदराला टोचली,
आणि बराच वेळ बिल्ल्याकडे पाहत बसली,
कुणाच्या तरी उसन्या दागिन्याकडे पाहावं तशी.

एकोणनव्वदावं मिनिट. बरोबरी.
गोलासमोर दोघी पडल्या,
तुझा हात तोंडाकडे गेला
आणि चित्र अडकलं.
खाट नंबर सातची बेल.
मी गेले, म्हाताऱ्याचा पाय उशीवर नीट ठेवला, आले,
तर सामना संपलेला.

दोनला तुझा फोन.
"पाह्यलं का? पेनल्टी होती न?"
हो म्हणायला माझी जीभ उचलली होती.
"नाही दिसलं वं. नुसतं गोल गोल फिरून राह्यलं होतं."
तू गप्प.
तुझ्यामागे कोणीतरी परक्या भाषेत हसत होतं,
नळ वाहत होता.
मग म्हणालीस,
"बरं.
मले दिसलं होतं."