समोरून येताना

विडी घरकुलाच्या मागं, ज्वारी काढून नेलेल्या रानात
राजमोगली बोल्लीचा धाकटा शिकवतो :
"काका, लांब जाताना डावा तो डावाच.
तुमच्याकडं तोंड करून आलं, की
डावा उजवा होतो."

एकतीस वर्षं मागावर काढली.
धोटा कुठूनही बघा, धोटाच.

थर्माकोलचं विमान,
पंखाला चादरीच्या गठ्ठ्यावरची चिकटपट्टी.
वर गेलं. वळलं. माझ्याकडं यायला लागलं
अन् बोटांनी जुनाच डावा दिला.

बाभळीत.

पोरगं हसलं नाही.
काटे उपसत म्हणालं,
"आता वाऱ्याकडं तोंड करून सोडा."

रात्री समोर जेवायला बसलेल्या सत्यम्माला
म्हणालो, मीठ उजवीकडं आहे.
तिनं हात
तिच्या उजवीकडं नेला.