पहिले चार निखारे

या सळ्या बाबांनी भंगारातून केल्या,
उद्यमबागेतली फौंड्री बंद पडली त्या आठवड्यात.
टोकं लेथवर धरून काढलेली,
मुठीकडं वाकवलेली, एक बोट अडकेल एवढी.
हिशोबाचे पैसे दीड वर्षानं मिळाले.
सळ्या त्याच संध्याकाळी घरी आल्या,
रिकाम्या डब्याशेजारी, पेपरात गुंडाळून.

आज बुधवार. अनगोळातली आमची गच्ची.
चार विटा, त्यांच्यावर जुन्या कूलरची जाळी.
दुपारपासून कोंबडी दह्यात बसलेली,
आलं, लसूण, ब्याडगीचं तिखट, लिंबू.
पुण्याचा भाचा मोबाइल बघून मोहरीचं तेल म्हणत होता,
सुवर्णानं शेंगतेल ओतलं
आणि म्हणाली, घातलं.

कोळसे धरले तसा प्रणील सळ्या घेऊन पुढं.
"आत्ताच कशाला लावायलास रे?
पिवळा हाय जाळ. लाल होऊ दे.
मग लालावर राख बसू दे की.
कोंबडी हाय ती, बीड न्हवे."
चौतीस वर्षं वितळलेलं बीड ओतलं बाबांनी.
आच ते हातानं बघत नाहीत,
थोडे दूर उभे राहतात, एक डोळा बारीक करतात.
भुवया त्यांना अशाही फारशा उरलेल्या नाहीत.

पलीकडं नीलव्वांची गच्ची, मध्ये कमरेएवढी भिंत.
आमचा धूर निघाला की त्यांची खिडकी लागते.
भांडण असं कधीच नाही.
नुसती कडी.
बावीस वर्षं झाली, मीठ घातलं का विचारावं
तसं आम्ही विचारतो, कडी वाजली का?

आज वाजली नाही.
नीलव्वा स्वतःच भिंतीपाशी, पदर खोचून,
हातात खानापूरच्या मातीची शेगडी.
"स्वल्प केंड कोड्री, कल्लप्पण्णा. बाणंतीगे."
सून परवाच दवाखान्यातून आलेली,
घरातले कोळसे ओले, नुसते धुमसतात,
बाळ ठसकतंय.

बाबांचं कन्नड फौंड्रीतलं,
रजा मागण्यापुरतं, शिवी कळण्यापुरतं.
सळ्यांकडं बोट करून म्हणाले, "इन्ना इट्टिल्लरी."
अजून ठेवलं नाही काही.
नीलव्वांनी मान हलवली.
त्यांना माहीत होतं.
किती वेळ खिडकीआडून बघत असतील कुणास ठाऊक,
कोळसे लाल व्हायची
आणि सळ्या आडव्या न व्हायची
ती मधली पाच मिनिटं.

बाबा चिमटा घेऊन बसले.
हा नको, धूर देतोय.
हा नको, चटकतोय, ठिणगी उडेल.
एकेक उलटून पालटून, वांगी निवडावीत तसे
चार निखारे काढले, मग आणखी तीन,
आणि शेगडी भिंतीवरून अशी दिली
की जणू त्यात पाणी काठोकाठ आहे.

विटांमध्ये राहिला चुरा.
"आता आपलं काय?" प्रणील म्हणाला.
"परत पेटवू की."

साडेनऊ वाजले.
पहिली सळी बाहेरून काळी, आतून गुलाबी,
परत जाळीवर गेली.
दुसरी जमली, कडेचा कांदा तेवढा जळला,
तो बाबांनी खाल्ला, त्यांना आता तोच चावतो.
पलीकडून ओव्याची धुरी यायला लागली,
लसणीच्या साली, शेपा,
आमच्या तिखटातून वाट काढत.
सुवर्णा गप्प झाली एकाएकी,
आपल्या दोन्ही बाळंतपणांतली कुठली आठवली
ते तिनं सांगितलं नाही.

मग ते रडलं.
बारीक, फडकं फाटावं तसं.
बाबा सळी फिरवत होते. जाळीवर खण्ण वाजायची ती
त्यांनी उचलून फिरवली, उचलूनच टेकवली.
प्रणील तोंडात घास धरून थांबलेला.

दहाच्या सुमारास खिडकी लागली.
कडीपण लागली,
पण इतकी हळू
की मी सुवर्णाला विचारलं, वाजली का?