घरी जा

सत्तावीस वर्षं तो खुर्चीपुढे उभाच.
बसलेला त्याला फारसा कुणी पाहिला नाही.
उत्तर समुद्रावरून पाऊस आडवा यायचा,
तरी डोक्यावर टोपी नाही,
गालात पेपरमिंट, डाव्या गुडघ्यावर हात.

डगल मॅक्रिंडल.
त्याच्यासोबत दोनदा आम्ही खालच्या विभागात घसरलो,
वर आलो एकदाच.
हिशेब जुळत नाही, ठाऊक आहे मला.

त्या फेब्रुवारीत, सहा-शून्य,
कठड्याला छाती टेकवून मी ओरडले होते,
घरी जा, म्हाताऱ्या!
तो वळला. नेमकं माझ्याकडेच पाहिलं.

सोमवारी बेकरीत आला,
नेहमीचे चार पाव घेतले,
सुटी नाणी काउंटरवर एकेक मांडली
आणि म्हणाला,
"बचावफळी होतीच कुठे गं, मोराग?"

माझं नाव माहीत होतं त्याला.

आज टाळ्या संपल्या. दिवे विझत चाललेत.
रेषेच्या कडेला गवत नाही
एवढ्याशा जागेत,
दोन बुटांपुरतं.

तो निघालाय, खरंच,
पार्किंगमधून गुडघा ओढत,
किटबॅगही दुसऱ्याच्या हातात.
मला काहीतरी ओरडायचंय त्याच्यामागे,
वारा तसा माझ्याच बाजूने आहे,
पण तोंडात येतात
ते तेच दोन शब्द.