डाख

मुंबई नाक्याजवळच्या एका तळघरात
एमआरआयची खोली आतून तांब्यानं मढवली आहे,
भिंती, छत, फरशीखालीसुद्धा.
रिक्षावाल्यांचे फोन, आकाशवाणी,
बाहेरचं काही आत येता कामा नये.
अंगातलं पाणी फार हळू बोलतं.

चार दिवस प्रत्येक मेंदूवर एक रेघ उमटत होती,
ठिपक्याठिपक्यांची, टीप उसवल्यासारखी.
डॉक्टर म्हणाले, सॉफ्टवेअर.
मी म्हटलं, फट.
कंपनीचं उत्तर आलं: दाराचा संच, तीन आठवडे.

मग सायमानं तांबट आळीतून
दिगंबरकाकांना स्कूटीवर मागे बसवून आणलं.
वय एकोणऐंशी. घागरी ठोकून दोन्ही कान गेलेले.
उंबऱ्याशीच मी त्यांचा हातोडा काढून घेतला,
किल्ल्या, अडकित्ता,
ओरडून सांगितलं, आत चुंबक आहे, कधीच झोपत नाही.
ते हसले. पिशवीत लाकडी मोगरी होतीच.

माझा मीटर भिंतभर फिरत राहिला.
त्यांनी नुसता अंगठा चौकटीवरून खाली नेला,
गुडघ्याच्या उंचीवर थांबले:
"इथं वारा खातंय."
आणि डाख देताना, स्वतःशीच,
"गळकी घागर परत आली
तर आमचा बाप दोन दिवस जेवत नसे."

चाचणीला कोणीतरी आत झोपायला हवं होतं.
"मीच जातो की." पोरवयात बोट चेचलं,
तेव्हा ओल्या, ठिबकत्या फिल्मवर
त्यांनी एकदाच स्वतःचं हाड पाहिलेलं.
सगळं विचारून, तपासून, आम्ही त्यांना आत सरकवलं.

यंत्र ठोकू लागलं.
काचेतून दिसत होता त्यांचा स्थिर चेहरा,
मिटलेले डोळे, आणि ओठ,
मोजणारे.

पडद्यावर रेघ नव्हती.
कानाच्या आत, मटारएवढा,
अडीच वेढ्यांचा शंख, पांढरा, कुठेही न चेपलेला.
बाहेर आल्यावर तो दाखवला.
बराच वेळ पाहिला त्यांनी.
"घडण चांगली आहे," म्हणाले,
"मग वाजत का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राकडेही.

जिन्यात वळून म्हणाले,
"आत कोण ठोकत होतं? पाठीत लागत होते ठोके.
हात सम आहे पोराचा. घाई फार."

मजुरी घेतली सहाशे.
रिपोर्टचा फॉर्म अजून उघडाच आहे:
बदललेला भाग, त्याचा क्रमांक,
कुठल्या देशात बनला.