वाव

दुसऱ्या वर्षाला होते. वार्षिक अंकासाठी
निबंध दिला होता, 'माझ्या गावचा समुद्र'.
पहिल्या ओळीत अथांग, तिसरीत अथांग,
शेवटी पुन्हा एकदा, उद्गारचिन्हासकट.
आरोसकर मॅडमनी तांबड्या शाईत लिहिलं,
'भाषा ओघवती. सुधारणेला वाव आहे.'

साडेपाचची एसटी म्हापणला बंद पडली.
निवतीत पोचले तेव्हा अंधार,
आणि जिवबा मेतर आमच्या पडवीत,
चहाची वाट बघत.
'वाच बघू,' म्हणाला.
वाचलं. तो दात कोरत ऐकत राहिला.

'अथांग म्हंजे?'
'ज्याचा थांग लागत नाही तो.'
'कोणाक लागणा नाय?
किल्ल्याखाली चार वाव.
काळ्या खडपाभायेर नऊ.
पुढचा माका म्हायत नाय, म्हणान मी बोलणंय नाय.'

रविवारी होडीत घेतलं त्याने.
पुतण्याच्या होडीला पडदा आहे,
तळ त्यात निळा-पिवळा दिसतो;
जिवबाकडे दोरी, दोरीला शिशाचा गोळा,
गोळ्याच्या बुडात खळगा, खळग्यात मेण,
लाइट गेल्यावर जळून उरलेल्या मेणबत्त्यांचं.

गोळा गेला. दोरी सैल पडली.
वर ओढताना तो हात पसरत गेला,
छातीवरून एकेक वाव, ओला, नऊपर्यंत.
'आता तू.'

माझे हात आखूड.
तोच खडप, तेच पाणी, तीच दोरी,
आणि अकरा भरले, वर वीतभर.
'चुकलं ना माझं?'
'चुकतला कित्याक? तुझ्या हातान अकराच.
फक्त हात कोणाचे, ता सांग.'

मग त्याने गोळा उलटा केला.
मेणात रुतलेला राखाडी गाळ,
शिंपल्याचा चुरा, एक लाल तंतू
ज्याचं नाव त्यालाही आलं नाही.
हुंगून म्हणाला, 'हय कोळंबी.'

पुढच्या जागी मेण कोरंच वर आलं,
नुसता एक खोक पडलेला.
मी हिरमुसले.
त्याने मात्र घाईने इंजिन मारलं,
'खाली खडक. नांगर टाकलो तर सुटाचो नाय.'

त्या रात्री तिन्ही अथांग खोडले.
निबंध चार पानांचा एक पान झाला,
त्यातही खाडाखोड.
निळाशार गेला, गाज गेली,
सोनेरी किरणं गेली (ती जाताना जरा दुखलं),
राहिला गाळ, चुरा,
लाल तंतू, 'नाव माहीत नाही' असं लिहून,
आणि खोली: जिवबा मेतरच्या हातांनी नऊ,
माझ्या अकरा.
मॅडमनी विचारलं, 'यातलं बरोबर कुठलं?'
मला नीट सांगता आलं नाही.

अजूनही कितीदा ओळ वर ओढते
आणि मेण कोरं.
तेव्हा तिथे थांबत नाही.

अंक मे महिन्यात छापून आला.
पहिल्या ओळीत कुणीतरी
अथांग परत घातलं होतं.
घरच्या प्रतीत ते पेनाने खोडलं,
समासात लिहिलं, अकरा,
वर वीतभर.